चित्राइच्या घरी पोरगी द्याची का

सौसरच्या बसस्टँडावर पांढुर्ण्याची बस सुरू झाली, तवा माहा पोरगा देवानंद खिडकीपाशी आला अन् म्हने, "माय, तू हो म्हनशील त हो. नाही म्हनशील त सोमवारी मी तिचं नाव नर्सिंगमधी टाकून देतो. मंग कोनी काही बोलाचं नाही." इतकं बोलून तो मागं सरकला. बस निंगाली. माह्या मांडीवर भाकरीची थैली अन् मनावर हे एवढं ओझं.

आता हे हो-नाही कायचं, ते आधी सांगते. मी चौथी शिकली. मी बोलून राहिली अन् सुनबाई लिहून राहिली. कंसातलं तिचं आहे, बाहेरगावच्या लोकाइसाठी.

माही नात प्रज्ञा, देवानंदची पोरगी, यंदा बारावी झाली. लहानपनापासून ते चित्र काढते. भिंतीवर काढे, पोत्यावर काढे, एकदा तिनं बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बकरी काढली होती. तिच्या शाळेतल्या चित्राच्या मॅडमनं तिचं एक चित्र भोपाळले पाठवलं. तिथी चित्राइचं संग्रहालय आहे. तिथी मोठी प्रदर्शनी लागनार होती, एका हॉलात जंगलाचे फोटू, दुसऱ्या हॉलात नव्या पोरापोरीइचे चित्रं. त्यात प्रज्ञाचं चित्र घेतलं. इथपर्यंत आम्ही सारे खूश. पन त्या संग्रहालयाच्या मागं त्यांचीच चित्राची शाळा आहे, हॉस्टेल आहे, अन् तिथच्या मोठ्या मॅडमनं फोन केला का पोरगी आम्हाले द्या, चार वर्सं शिकवतो. तवापासून घरात बोलनं बंद झालं. देवानंद नगरपालिकेत पान्याच्या टाकीवर आहे. तो म्हने नर्सिंग केलं त पोरगी कोनाच्या दारात उभी राहनार नाही. प्रज्ञा काहीच म्हने ना. ते घरात तशीबी कमी बोलते. जेवाचं ताट पुढं ठेवलं त जेवे, नाही त नाही.

मंग देवानंदनंच म्हटलं, माय जाऊन पाहून येईन.

त्याले कारन आहे. आमच्याइकडं पोरगी द्याची असली का आधी दोन-चार मानसं त्या पोराचं घर पाहून येतेत. आमच्या बोरगावच्या बस्तीतले लोक मले सोबत नेतेत. बाया असं कमीच जातेत, पन मले नेतेत. मी बैठकीत बसत नाही. मी पानी कुठून येते ते पाहते, चूल पाहते, घराच्या मागं जाते, अन् त्या घरच्या मानसाइले सोडून शेजारच्या बाईले इचारते. मोठी सून हसते का नाही ते पाहते. घराचं पुढचं लोक दाखवतेत, मागचं आपन पाहा लागते. मी नाही म्हटलेल्या घरी आमच्या बस्तीची पोरगी गेली नाही.

माहं सासर कोनी पाह्यलं नोतं. बापानं बैलबाजारात सोयरीक ठरवली, बैल पाह्यले अन् पोरगी देल्ली.

बस सौसरच्या बाहेर निंगाली का दोन्ही बाजूनं संत्र्याचे बगीचे. जुलैचा महिना, झाडाइवर हिरवे फळं सुपारीएवढे. पराटी (कपाशीची झाडं) हातभर झाली होती, बाया निंदाले बसल्या होत्या. मले खिडकीतून पाहून कसंतरीच वाटलं. निंदनाच्या दिवसात मी कवा बसमधी बसली नाही. तापातबी बसली नाही. पन खोटं कायले बोलू, घाट लागला, हवा लागली, अन् मले पोटात गुदगुल्या व्हाले लागल्या. भोपाळ मी पाह्यलं नोतं. नागपूर पाह्यलं, ते बी दीक्षाभूमी अन् दवाखाना, इतकंच.

पांढुर्ण्याच्या अलीकडं, सावरगावले, माही लहान बहीन इंदू राहते, मी तिथीच उतरली. ते सोबत येनार होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं अन् डोळ्याले काळा चष्मा लावला होता, मोतीबिंदूच्या आपरेशनात भेटला तो. मी म्हटलं, "इंदे, घर पाह्याले चालली का सिनेमात?" ते म्हने, "बाई, तू पानी पाह्य, चूल पाह्य. मी बाकीचं पाहते."

जाम नदीच्या पुलावरून आम्ही आटोनं पांढुर्ण्यात आलो. नदीले गढूळ पानी होतं, दोन म्हशी त्यात बसल्या होत्या. टेसनावर जनरल डब्ब्यात चढलो. एका बैतूलच्या फौजी पोरानं आम्हाले जागा देल्ली अन् सारा रस्ता इंदूनं त्याच्या लग्नाची चौकशी केली. तिगाव, मुलताई, आमला गेलं. बैतूलच्या पुढं डोंगर लागला अन् गाडी बोगद्यात गेली. एकदम अंधार. इंदूनं माहा हात धरला. बाहेर निंगालो त खाली दरी, झाडं सारे धुतल्यासारखे, कडेकडेनं पानी पडून राह्यलं. पुन्हा बोगदा, पुन्हा उजेड. तिसऱ्या बोगद्यात इंदूनं हात सोडला अन् फौजीले म्हने, "और कितने हैं रे बाबू, अच्छा लगता है."

इटारसीले भाकर अन् जवसाची चटनी काढली. फौजीले देल्ली, त्यानं आम्हाले पुरी-भाजी देल्ली. मंग नर्मदा आली. सारा डब्बा उठून उभा झाला, कोनी हात जोडले, कोनी खिडकीतून पाहत राह्यले. मी हात जोडले नाही, पन उठली. इतकं पानी मी एका जागी पाह्यलं नोतं. मनात म्हटलं, पान्याचं त पहिलंच काम झालं, या रस्त्यानं जानाऱ्या पोरीले पान्याची कमी नाही. इंदू म्हने, बाई, नदी काय त्यांच्या आंगनात आहे का.

आता आमची चूक ऐका. टेसन आलं, लोक म्हनाले भोपाल आ गया, आम्ही उतरलो. टेसन काय, महाल होता, फरशीत तोंड दिसे. पन आम्हाले घ्याले येनार होती ते प्रज्ञा कुठीच नाही. फोन लावला त ते म्हने, आजी, मी टेसनावरच आहे, तुम्ही कुठी आहा? मंग कळलं का भोपाळले टेसनं दोन आहेत अन् आम्ही अलीकडच्यावर उतरलो. प्रज्ञा म्हने, हलू नका. आम्ही खांबाले टेकून बसलो. इंदू म्हने, पोट्टी एकटी कशी येईन वो. मले बी तेच.

पोट्टी आली. सिटी बसमधून उतरली, आटोवाल्यापाशी गेली, तो जास्त मांगून राह्यला होता, त त्याच्याशी अशी बोल्ली का मी इंदूकडं अन् इंदूनं माह्याकडं पाह्यलं. "भैया, रोज जाती हूँ मैं, मुझे मत बताओ." तिले भोपाळात येऊन आठवडाच झाला होता, चित्र पुरं कराले अन् लावाले बलावलं होतं, हॉस्टेलातच राहे. रोज कुठची. पन आटोवाला चूप बसला.

आटोत तिनं आमचे पाय पाह्यले, थकल्या का इचारलं, मंग हळूच म्हने, "आजी, बाबा काही म्हनाले?"

"म्हनाले," मी म्हटलं. "मी पाहून सांगनार."

ते मंग बाहेर पाहत बसली.

संग्रहालय मोठ्या झाडाइच्या आवारात आहे. कौलारू नाही, महाल नाही, दगडाचे ठेंगने घरं एकाले एक लागून. दारात आम्ही चपला काढल्या. तशी चकचकीत फरशी, लोकाइच्या घरी कोन चपला घालून जाईन. दारावरचा गार्ड धावत आला, "अम्मा, पहन लो, पहन लो." इंदू म्हने, आमचे पाय धुतलेले आहेत. तो बिचारा हसून हसून चपला हातात घेऊन उभा राह्यला. प्रज्ञा शरमली. मंग घातल्या, पन मी आत चालली ते पंज्यावर चालली.

पहिला हॉल फोटूइचा. बापा. मी त समजली होती कॅलेंडरवर राहतेत तसे असतीन. एकेक फोटू दरवाजाएवढा. वाघ त होताच, त्याच्यापुढं गर्दी होती. पन मले जास्त नवल वाटलं ते बाकीच्याचं. पानाच्या टोकावर दवाचा थेंब, अन् त्या थेंबात आखं झाड उलटं. बेडकाचा गळा फुगलेला, त्यातून उजेड निंगून राह्यला. एक घुबड असं पाहून राह्यलं का इंदूनं त्याले म्हटलं, काय पाहतं रे. साप दिसल्यावर ते दोन पावलं मागं गेली अन् एका सायबाच्या पायावर उभी राह्यली. पुढं एक शेनकिडा होता, तोच, शेनाची गोळी मागच्या पायानं ढकलते तो, मोठा म्हशीच्या डोक्याएवढा केला होता. त्याची पाठ निळी-हिरवी चमके, रेशमी पदरासारखी. जनम गेला शेन उचलन्यात, शेकडो किडे या पायाखाली गेले असतीन, त्याची पाठ अशी आहे हे मले कोनी सांगतलं नोतं. मी इंदूले ओढून ओढून दाखवलं. इंदू म्हने, "गोवऱ्या थापल्या तवा हा चष्मा असता त."

कोपऱ्यात एक नदीचा फोटू होता. उन्हाळ्याची कोरडी रेती, सोन्यासारखी, अन् मधात एक बाई वाकलेली. तिच्यापुढं झिरा (रेतीत खोदलेला पाण्याचा खड्डा). खाली काही इंग्रजीत लिहिलं होतं. प्रज्ञानं वाचून दाखवलं, मतलब असा का धरतीची शांती.

इंदू म्हने, "बाई, हा त तुह्या सासरचा फोटू."

खरंच तसंच. माहं लग्न झालं अन् पहिल्याच उन्हाळ्यात कळलं का या घरी विहीर नाही. झिऱ्यावर जा लागे. रेती उकरा, बसा, वाटीभर पानी झिरपून येईपर्यंत वाट पाहा, मंग वाटीनं घागर भरा. मंग दुसरी बाई येऊन बसे. शांती-बिंती मले आठवत नाही, भांडनं आठवतेत. तिथी बसून कोनी रडलं बी नाही, हात रिकामा नोता. देवानंद पोटात होता तवा बी मी घागर आनली, तो पायावर चालाले लागला तवा त्याचा बाप साप चावून गेला, त तेराव्या दिवशी बी आनलीच. म्हनून मी घर पाह्याले गेली का आधी पानी पाहते. फोटू मातर चांगला होता. रेतीचा रंग तसाच असते, हे खरं. मी तो फोटू गंज (बराच) वेळ पाह्यला. त्या वक्ती रेतीचा रंग पाह्याले कोनाले फुरसत होती.

दुसरा हॉल चित्राइचा. तिथी आम्हा दोघीइचं डोकं फिरलं. एका चित्रात नुसत्या लाल रेघा. एकात मानसाले चार हात अन् हरेक हातात मोबाइल. एकात काहीच नाही, पांढरं, अन् त्याच्यापुढं दोन मानसं गंभीर उभे. इंदूनं मले कोपर मारलं. मी हसू दाबलं. घर पाह्याले गेलेल्या मानसानं हसाचं नाही, तोंड पाटीसारखं कोरं ठेवाचं. समोरच्याले काही कळलं नाही पाह्यजे.

अन् मंग प्रज्ञाचं चित्र आलं. दोन खाटा जोडल्या एवढं. संत्र्याचा ढीग, भवताल बाया बसलेल्या, डोक्यावरून शाली, छाटनी (लहान-मोठं फळ वेगळं करणं) करून राहिल्या. पन संत्रे निळे. काळे-निळे. बायाइले तोंड नाही. खालच्या कोपऱ्यात त काहीच दिसे ना, नुसता अंधार.

इंदू म्हने, "काय व प्रज्ञे, संत्रे आहेत का जांभळं?"

प्रज्ञा तिच्याशी नाही, माह्याशी बोल्ली. "आजी, तू मले संत्र्याच्या पेटीत बसवून ढिगावर नेत होती. तांबडं फुटाच्या आधी. तवा संत्रे कोनत्या रंगाचे दिसे?"

मले ते बराबर आठवलं. पूस महिन्याची थंडी, तनसावर (पेंढ्यावर) बसलो तरी बूड गारठे, ठेकेदाराले ट्रक सकाळीच भराचा राहे. अंधारात आमचे हात चालत. फळ मुठीत बसलं त लहान, बोटं उघडे राह्यले त मोठं. रंग दिसतच नसे. ढीग म्हनजे नुसता काळानिळा डोंगर, अन् वास. उजेड झाल्यावर संत्रे संत्र्यासारखे दिसे, तवापर्यंत अर्धं काम झालं राहे. या पोट्टीनं पेटीत बसून हे पाह्यलं होतं. मी समजत होती ते झोपली आहे.

पन मी तोंड कोरं ठेवलं. चित्र खरं आहे हे वेगळं, अन् पोरगी द्याची ते घर कसं आहे हे वेगळं. पोरगा देखना असला म्हनून घर पाह्याचं सोडत नाही.

मंग एक मोठे सायेब आले, फीत कापली, भाषन केलं, टाळ्या झाल्या. अन् ताटं फिराले लागले. समोसे, काजूची बर्फी, चहा. मोठ्या मॅडम स्वतः ताट घेऊन आमच्यापाशी आल्या. माह्याच वयाच्या बाई, पांढरे केस पोरासारखे कापलेले, नखात रंग. म्हनाल्या, "अम्माजी, आप ही की वजह से ये चित्र बना है. मुँह मीठा कीजिए."

आमच्याइकडं रीत अशी का घर पाह्याले गेलं त मन पक्कं होयेपर्यंत त्या घरचं गोड खाचं नाही. पानी पेलं त चालते. गोड तोंडात गेलं म्हनजे पसंत, मंग मागं फिरता येत नाही. अन् खाल्लं नाही म्हनजे, बहुतेक वेळा, नाही. समोरचे लोक ताटाकडं पाहूनच समजतेत.

माहं मन पक्कं नोतं झालं. मी हात जोडले, मान हालवली. इंदूनं बी. पोटात भाकरीनंतर काही नोतं अन् बर्फीचा वास नाकात, पन इंदू माही बहीन आहे, तिनं चष्मा सारखा केला अन् दुसरीकडं पाह्यलं.

मॅडमनं पुन्हा ताट पुढं केलं. मी पुन्हा नाही म्हटलं. आजूबाजूचे लोक पाह्याले लागले. मॅडमचं तोंड उतरलं. हळू म्हनाल्या, "हमसे कोई भूल हुई? हमारे हाथ का नहीं लेंगी?"

मले कसंतरी झालं. ज्या मानसाइनं एका काळी दुसऱ्याच्या हातचं पानी वरून ओंजळीत घेतलं, त्याइच्या घरची बाई मी, अन् ही मले असं इचारून राहिली. मले हिंदीत सांगता येईना. प्रज्ञाकडं पाह्यलं, का ते सांगन. पन प्रज्ञाले रीत माहीत होती. ते ताटाकडं पाहत होती. तिच्या डोळ्यात पानी आलं अन् ते गर्दीतून बाहेर निंगून गेली.

तिनं समजलं का मी नाही म्हटलं. साऱ्या लोकाइपुढं.

इंदूनंच तोंड उघडलं. "मॅडम, गुस्सा मत करो. हम लोग लड़की देने के लिए घर देखने आए हैं. पसंद हुआ तो खाएँगे. अभी आधा ही देखा है."

मॅडम हसतीन असं मले वाटलं. हसल्या नाहीत. ताट बाजूले ठेवलं अन् माह्याकडं पाहून इचारलं, "तो क्या देखना बाकी है?"

"पीछे का," मी म्हटलं.

"फिर अकेले ही देखिए. मैं साथ आई तो मैं अच्छा-अच्छा दिखाऊँगी."

हे बोलनं मले आवडलं, पन मी तोंडावर येऊ देल्लं नाही.

आम्ही मागं गेलो. पोरीइचं हॉस्टेल, लांबच लांब व्हरांडा, दोरीवर कपडे, कपड्याइवर बी रंगाचे डाग. नळ सोडून पाह्यला, पानी धो धो आलं. दुसरा सोडला, त्याले बी आलं. संडास पाह्यले, कड्या पाह्यल्या, आतून लागतेत. कुंपनाची भिंत माह्या डोक्याच्या वर. स्वयंपाकघरात एक बाई कनीक मळून राहिली होती, तिले इचारलं का पोरी इथी रडतेत का.

"पहला महीना सब रोती हैं," ते म्हने. "फिर छुट्टी में घर भेजो तो भी रोती हैं."

"और ये बोरगाव वाली?"

"वो जो नीला पोतती है? वो रोती नहीं, लड़ती है. कल दाल में नमक के लिए लड़ी."

आमची प्रज्ञा. जे अळनी भाजी देल्ली तरी मुकाट्यानं खाते ते.

इंदू म्हने, बाई, आपलीच का दुसरी कोनती? मी तिचा हात धरून परत फिरली. आम्ही बाजूच्या दारानं चित्राच्या हॉलात आलो. लोक फोटूकडं गेले होते, तिथी फक्त दोघी होत्या, मॅडम अन् प्रज्ञा, चित्रापुढं. आमच्याकडं त्याइची पाठ. मी इंदूले दारातच थांबवलं.

मॅडम त्या खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवून बोलून राहिल्या होत्या. हे इथी लय काळं झालं, बाकीच्या चित्राले ओढून घेते, इथी एखादी शाल दाखव, उद्या सकाळी उतरवून थोडा हात फिरव. आवाज गोड नोता. कामाचा आवाज होता. ठेकेदार बोलते तसा, पन शिव्या नाही.

प्रज्ञाचे डोळे सुजले होते. तिच्या हिशोबानं तिचं सारं संपलं होतं, सोमवारी नर्सिंग. मले वाटलं ते मान हालवन, घरी हालवते तशी. तिनं नाक पुसलं अन् म्हने, "नहीं मैडम. वो वैसा ही रहेगा."

"क्यों?"

"वहाँ मेरी आजी बैठती थी. वहाँ कुछ नहीं दिखता था. सिर्फ़ उसके हाथ की आवाज़ आती थी."

मॅडम खाली बसल्या. साडीचा इचार न करता, फरशीवर, मांडी घालून, एखादं लेकरू बसलं त जिथून पाहीन तितक्या खालून त्या चित्राकडं पाहत राह्यल्या. आम्ही दारात उभ्या. गंज वेळानं त्या म्हनाल्या, "ठीक है. तुम सही हो. रहने दो."

मी इतके घरं पाह्यले. श्रीमंत पाह्यले, विहिरीवाले पाह्यले, मोटारपंपवाले पाह्यले. नव्या पोरीनं नाही म्हटलं अन् घरची मोठी बाई खाली बसली, असं घर मी पाह्यलं नोतं. माह्या लेखी ते झालं. पाह्याचं काही बाकी राह्यलं नाही.

मी आत गेली अन् म्हटलं, "मॅडम, बर्फी द्या."

अन् बर्फी संपली होती.

खरंच संपली होती. ताटात चुरा बी नाही. प्रज्ञा माह्याकडं पाहत राह्यली, तिले काही समजे ना. मॅडम धावत बाहेर गेल्या, गार्डले आवाज देल्ला, गार्ड स्वयंपाकघराकडं पळाला, इंदू बी त्याच्या मागं, काखेत पिशवी धरून. कनीक मळनारी बाई पिठाच्या हातानं साखरेचा डब्बाच घेऊन आली. मी त्यातून चिमूट घेतली अन् प्रज्ञाच्या तोंडात घातली. मंग मॅडमच्या तोंडात. मंग मॅडमनं माह्या. इंदूनं स्वतःच घेतली, मूठभर.

प्रज्ञा म्हने, "आजी, म्हनजे?"

मी म्हटलं, "म्हनजे काय? पसंत."

ते माह्या गळ्यात पडली अन् तिच्या हाताचा निळा रंग माह्या लुगड्याले लागला. ते लुगडं मी धुतलं नाही असं काही समजू नका, दोनदा धुतलं. जात नाही.

दुसऱ्या दिवशी परत निंगालो. गाडीत इंदूनं फौजी नाही त कोनी ना कोनी पकडलं अन् साऱ्या डब्ब्याले शेनकिड्याची पाठ कशी चमकते ते सांगतलं. बोगदे आले, डोंगर आले, मले दिसले अन् नाही बी दिसले. मी मनात देवानंदशी बोलून राहिली होती.

तो सौसरच्या बसस्टँडावर उभा होता. गाडीवर बसाच्या आधी त्यानं काही इचारलं नाही, घरी आलो, हातपाय धुतले, सुनबाईनं चहा देल्ला, तवा इचारलं. "काय पाह्यलं, माय?"

मी सारं सांगतलं. नळ, कड्या, भिंत, स्वयंपाकवाली. मंग म्हटलं, हो.

तो खाली पाहत म्हने, "अन् पोटापान्याचं? चित्र काय देते?"

"ते मले माहीत नाही," मी म्हटलं. "मी घर पाह्याले गेली होती, पुढचं नशीब पाह्याले नाही. ते कोनाचंच दिसत नाही. तुह्या बापाचं दिसलं होतं का?"

मंग मी ते कोपऱ्याचं सांगतलं. पोरगी नाही म्हनाली अन् बाई खाली बसली. देवानंदनं कप खाली ठेवला. म्हने, "प्रज्ञा नाही म्हनाली? तोंडानं?"

"तोंडानं. हिंदीत."

तो उठून बाहेर गेला. मी खिडकीतून पाह्यलं, तो आंगनात उभा होता अन् फोन कानाले लावून होता. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पन लय वेळ तोच ऐकत होता, तिकडून पोरगी बोलून राहिली असन. सोमवारी तो नर्सिंगच्या कॉलेजात गेला नाही.

प्रज्ञा आता तिकडं आहे. घर रिकामं लागते, हे लपवत नाही. घर कितीबी चांगलं पाह्यलं तरी पोरगी जाते ते जातेच, त्याले उपाय नाही. संध्याकाळी दिवा लावला का मी तिच्या भिंतीवरच्या बकऱ्या पाहते.

मागच्या आठवड्यात बस्तीतली एक बाई आली. तिच्या पोरीले तिगावचं स्थळ आलं, रेल्वेत नोकरी, पक्कं घर. म्हने, मावशी, रविवारी घर पाह्याले चला. मी म्हटलं, चलते, पन पोरगी सोबत येईन. ते म्हने, असं कुठी राहते का, पोरगी कवा घर पाह्याले जाते का, लोक काय म्हनतीन. मी म्हटलं, लोक म्हनतीन ते म्हनू दे. इतके दिवस मी पोरीइच्या वतीनं पानी पाह्यलं अन् चूल पाह्यली. ते घर पोरीचं ऐकून घेते का, हे पोरीशिवाय पाहताच येत नाही. तिले तिथी बसवू, तिले एखाद्या गोष्टीले नाही म्हनू देऊ, अन् मंग पाहू कोन खाली बसते.

ते बाई इचार करते म्हने अन् गेली. काल तिची पोरगी एकटीच आली, दारात उभी राह्यली, अन् इचाराले लागली का मावशी, रविवारी मी कोनतं लुगडं नेसू.